हृदय दुरुस्त झाले, पुढचे आयुष्य कसे? नवजात वयातील हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या चाळीस वर्षांचा हिशेब

नवी दिल्ली : जन्मानंतर काही दिवसांतच हृदयावर शस्त्रक्रिया झालेले मूल रुग्णालयातून घरी परतते, तेव्हा कुटुंबाच्या दृष्टीने मोठे संकट टळलेले असते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तेथून एक दीर्घ प्रवास सुरू होतो. गेल्या अर्धशतकात अशी शस्त्रक्रिया झालेली मुले आज तिशी-चाळिशीत पोहोचली आहेत. त्यांच्या आयुष्याच्या नोंदींतून पुढे आलेला निष्कर्ष आशादायक आहे आणि सावध करणाराही. बहुतेक मुले जगतात, शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. परंतु त्यांपैकी अनेकांचे हृदय ‘दुरुस्त’ झालेले असले, तरी ‘पूर्ववत’ झालेले नसते. त्यामुळे शस्त्रक्रिया किती यशस्वी झाली, हे केवळ रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी ठरत नाही. ते वीस, तीस आणि चाळीस वर्षांनी ठरते.

जन्मजात हृदयदोष हा जन्मतः आढळणाऱ्या शारीरिक दोषांमधील सर्वांत सामान्य प्रकार आहे. जगभरातील नोंदींनुसार दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बालकांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. भारतातील जन्मसंख्या विचारात घेता देशात दरवर्षी अशी सुमारे २ लाख बालके जन्माला येतात. त्यांतील सुमारे एक-पंचमांश बालकांचा दोष इतका गंभीर असतो, की पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरद्वारे उपचार करावे लागतात. म्हणजेच या मुलांच्या दीर्घकालीन प्रकृतीचा प्रश्न हा काही मोजक्या कुटुंबांपुरता नाही.

नवजात वयातच शस्त्रक्रिया का करावी लागते?

गर्भाशयात बाळाची फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत. प्राणवायू आईकडून मिळतो. त्यामुळे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट आणि महाधमनी व फुप्फुस धमनी यांना जोडणारी एक लहान नळी, अशा दोन पळवाटा गर्भावस्थेत खुल्या असतात. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ही नळी आपोआप बंद होते. निरोगी बाळाला त्याने काही फरक पडत नाही. मात्र काही दोषांमध्ये बाळाचे रक्ताभिसरण याच नळीवर अवलंबून असते. ती बंद होऊ लागली की वरवर निरोगी दिसणारे बाळ काही तासांत निळे पडते किंवा त्याचा रक्तदाब कोसळतो. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ही नळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध वापरात आले आणि शस्त्रक्रियेपर्यंत बाळाला स्थिर ठेवणे शक्य झाले.

सर्वच दोष इतके तातडीचे नसतात. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातील लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे छिद्र साधारणपणे पहिल्या वर्षात बंद करावे लागते. मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळावर मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. महाधमनीचा गंभीर अरुंदपणा किंवा हृदयाचा डावा भागच अविकसित असणे, अशा दोषांतही निर्णयासाठी फार दिवस हाती नसतात.

निळ्या बाळांपासून सुरू झालेला प्रवास

१९३८ मध्ये बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतर बंद न झालेली ती नळी सात वर्षांच्या मुलीच्या छातीत यशस्वीपणे बांधली. जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांची सुरुवात म्हणून या घटनेकडे पाहिले जाते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ‘निळ्या’ बाळाच्या फुप्फुसांना अधिक रक्त मिळावे म्हणून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस धमनीला जोडली. ही कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची होती आणि प्रयोगशाळेत तिचे तंत्र घडविणारे सहायक होते विव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय असलेल्या थॉमस यांना त्यांच्या वाट्याचे श्रेय मिळायला अनेक दशके लागली. आज ही शस्त्रक्रिया तिघांच्याही नावाने ओळखली जाते.

हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करणे १९५०च्या दशकात शक्य झाले. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राऐवजी बाळाच्या आई किंवा वडिलांचेच रक्ताभिसरण बाळाला जोडून हृदयातील छिद्र बंद केले. या धाडसी पद्धतीने त्यांनी एकूण ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. भारतात १९६१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एन. गोपीनाथ यांनी हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रियांचा पाया घातला.

हे टप्पे केवळ इतिहास म्हणून महत्त्वाचे नाहीत. आज पन्नाशीत असलेल्या रुग्णावर कोणत्या काळात आणि कोणत्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली, यावर त्याच्या आजच्या तक्रारी अवलंबून असतात. एकाच दोषाच्या दोन पिढ्यांतील रुग्णांचे भवितव्य किती वेगळे असू शकते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुख्य रक्तवाहिन्यांच्या अदलाबदलीचे आहे.

एक दोष, दोन पिढ्या

या दोषात महाधमनी उजव्या आणि फुप्फुस धमनी डाव्या खालच्या कप्प्यातून निघते. परिणामी अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते आणि शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परतते. उपचाराविना यातील बहुसंख्य बालके पहिल्या वर्षातच दगावतात. स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि टोरांटो येथे विल्यम मस्टर्ड यांनी १९६०च्या दशकात यावर एक युक्ती शोधली. चुकीच्या जागी जोडलेल्या धमन्यांना हात न लावता, हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्येच रक्ताची वाट वळवायची. बाळे गुलाबी झाली, वाढली, शाळेत गेली. शस्त्रक्रिया कमालीची यशस्वी ठरली, असेच सर्वांना वाटले.

तिची किंमत विशीनंतर दिसू लागली. या पद्धतीत शरीराला रक्त पुरविण्याचे काम आयुष्यभर उजव्या खालच्या कप्प्याला करावे लागते. तो निसर्गतः फुप्फुसांच्या कमी दाबासाठी घडलेला असतो. वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध काम करून तो थकतो. वरच्या कप्प्यांत घातलेल्या लांबलचक टाक्यांमुळे हृदयाच्या विद्युत यंत्रणेत अडथळे येतात आणि ठोके अनियमित होतात. या पिढीतील अनेकांना पेसमेकर बसवावा लागला. काहींना अचानक मृत्यूने गाठले, तर काहींवर हृदय प्रत्यारोपणाची वेळ आली.

१९७५ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे अदीब झातेने यांनी दोन्ही धमन्या कापून त्या योग्य कप्प्यांना जोडण्यात यश मिळविले. या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या नव्या जागी बसविणे. ती नवजात वयातच करावी लागते. कारण फुप्फुसांकडे रक्त पाठविणाऱ्या डाव्या कप्प्याला दाब कमी लागतो, त्याचा स्नायू काही आठवड्यांत पातळ होतो आणि मग त्याला शरीराचा भार पेलत नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हीच पद्धत प्रमाण मानली गेली. तिच्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक दोन दशकांनंतरही जिवंत असल्याचे मोठ्या केंद्रांचे अनुभव सांगतात. त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा आपले नैसर्गिक काम करीत असतो, हाच मूलभूत फरक आहे.

तरीही देखरेख संपत नाही. फुप्फुस धमनीच्या फांद्या अरुंद होणे, नव्या जागी महाधमनीचे काम करणारा भाग फुगत जाणे, तेथील झडप गळणे आणि हलविलेल्या वाहिन्यांमध्ये अडथळा येणे, या चार गोष्टींकडे डॉक्टर आयुष्यभर लक्ष ठेवतात. जुन्या पद्धतीचे दोष विसाव्या वर्षी उघड झाले होते. त्यामुळे नव्या पद्धतीच्या रुग्णांची पन्नाशी आणि साठी कशी असेल, याबाबत तज्ज्ञ घाईने विधान करण्याचे टाळतात.

चार दोषांचा एक आजार

बाळ निळे पडण्यास कारणीभूत ठरणारा सर्वांत परिचित आजार म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. यात पडद्यात मोठे छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट, छिद्रावर आरूढ झालेली महाधमनी आणि जाड झालेला उजवा कप्पा, असे चार बदल एकत्र आढळतात. शस्त्रक्रियेत छिद्र बंद करून अरुंद वाट रुंद केली जाते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शस्त्रक्रियेतून बचावलेल्या रुग्णांपैकी ८६ टक्के ३२ वर्षांनंतर जिवंत होते. त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकसंख्येत हे प्रमाण ९६ टक्के होते. हे आकडे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे असल्याने त्यांचे मोल अधिक आहे.

या दोन आकड्यांमधील अंतर का राहते? वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुस धमनीची झडप निकामी होते. रक्त पुढे जाते, पण त्यातील काही मागे परतते. बालपणी ही गळती जाणवत नाही. मूल खेळते, धावते, पालक निर्धास्त होतात. मात्र उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो आणि विशी-तिशीत दम लागणे, छातीत धडधडणे, क्वचित जीवघेणी अनियमित धडधड सुरू होते. कप्पा फार ताणला जाण्यापूर्वी नवी झडप बसविली, तर हे नुकसान आटोक्यात राहते. ती वेळ कोणती, हे ठरविण्यासाठी ईसीजी, इको आणि हृदयाचा एमआरआय या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. २००० मध्ये फिलिप बोनहॉफर यांनी छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून कॅथेटरद्वारे अशी झडप बसविण्याची पद्धत प्रथम वापरली. त्यामुळे अनेकांची पुन्हा होणारी मोठी शस्त्रक्रिया टळते किंवा लांबणीवर पडते.

अर्ध्या हृदयावरचे आयुष्य

सर्वांत कठीण गट आहे तो हृदयाचा एकच खालचा कप्पा कार्यक्षम असलेल्या मुलांचा. फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने या मुलांना जगण्याची संधी मिळाली. या पद्धतीत एकमेव चांगला कप्पा शरीराला रक्त पुरवितो आणि शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त कोणत्याही पंपाविना थेट फुप्फुसांकडे वळविले जाते. हे काम एका दमात होत नाही. साधारणपणे नवजात वयात एक, काही महिन्यांनी दुसरी आणि दोन ते चार वर्षांच्या वयात तिसरी, अशा टप्प्यांनी शस्त्रक्रिया होतात. डावा भाग अविकसित असलेल्या बाळांसाठी विल्यम नॉरवुड यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेल्या पद्धतीने पहिला टप्पा शक्य झाला.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवली आहे. तिच्या आधारे झालेल्या अभ्यासांनुसार या शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण ३० वर्षांनीही हयात आढळतात. एका कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठी ही मोठी मजल आहे. पण पंपाविना रक्त फुप्फुसांत जायचे, तर शिरांमधील दाब कायम वाढलेला राहतो. त्याचा परिणाम यकृतावर होतो. वर्षांगणिक यकृत कठीण होत जाते आणि काहींमध्ये त्यापुढील गुंतागुंत निर्माण होते. काहींच्या आतड्यांतून प्रथिने गळू लागतात, काहींना अनियमित ठोक्यांचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होतो. म्हणूनच या रुग्णांच्या तपासणीत हृदयाबरोबर यकृताचाही समावेश असतो आणि भविष्यात प्रत्यारोपणाची गरज पडू शकते, याची कल्पना कुटुंबाला आधीच दिली जाते.

साध्या दोषांचे काय?

सर्व चित्र चिंतेचे नाही. पडद्यातील छिद्र वेळेत आणि पूर्णपणे बंद झाले, फुप्फुसांतील दाब वाढलेला नसला, तर अशा मुलांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास असते. धावणे, पोहणे, सर्वसाधारण नोकरी, यांपैकी कशालाही सहसा अडसर येत नाही. जन्मानंतर बंद न झालेली नळी बंद केलेल्या मुलांबाबतही असेच म्हणता येते.

महाधमनीचा अरुंदपणा दूर केलेल्या मुलांकडे मात्र थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी अनेकांना तरुणपणी उच्च रक्तदाब जडतो. दुरुस्त केलेली जागा पुन्हा अरुंद होऊ शकते किंवा फुगू शकते. या व्यक्तींचा रक्तदाब साधारणपणे उजव्या हातावर मोजणे आवश्यक असते. कारण डाव्या हाताकडे जाणारी वाहिनी दोषात किंवा शस्त्रक्रियेत सापडलेली असू शकते आणि तेथील आकडा फसवा ठरू शकतो.

पुन्हा शस्त्रक्रिया का लागते, या प्रश्नामागे एक साधे कारणही आहे. मूल वाढते, पण त्याच्या हृदयात बसविलेली कृत्रिम नळी किंवा झडप वाढत नाही. नवजात बाळाचे हृदय त्याच्या चिमुकल्या मुठीएवढे असते. त्या मापाची नळी दहाव्या वर्षी अपुरी पडणारच. त्यामुळे काही दोषांत दुसरी किंवा तिसरी शस्त्रक्रिया ही पहिलीच्या अपयशाची खूण नसते. ती आधीपासून ठरलेल्या उपचाराचाच भाग असते. पालकांना हे सुरुवातीलाच सांगितले गेले, तर पुढचा धक्का बसत नाही.

मेंदूवरील परिणाम आणि शाळेतील अडचणी

जगण्याचे प्रमाण वाढले, तसा संशोधकांचा प्रश्नही बदलला. ही मुले जगतात. पण ती शिकतात कशी? बोस्टन येथे १९८८ ते १९९२ या काळात मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या १७१ बालकांवर एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताभिसरण पूर्ण थांबविणे आणि कमी प्रमाणात चालू ठेवणे, या दोन पद्धतींची त्यात तुलना करण्यात आली. ही मुले १, ४, ८ आणि १६ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली.

सोळाव्या वर्षी बहुतेकांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती. मात्र जवळपास दोन-तृतीयांश मुलांना शालेय वयात अभ्यास किंवा वर्तनविषयक विशेष साहाय्य घ्यावे लागले होते. लक्ष एकाग्र न होणे, कामाचे नियोजन न जमणे, दिसणाऱ्या आकृतीतील परस्परसंबंध न उमगणे आणि समोरच्याच्या मनातील भाव ओळखता न येणे, अशा अडचणी अधिक आढळल्या. दोन पद्धतींमधील फरक पुढे बराच पुसट झाला. यावरून शस्त्रक्रियेतील तंत्र हे एकमेव कारण नाही, हे स्पष्ट झाले. गंभीर हृदयदोष असलेल्या, पूर्ण दिवस भरलेल्या बाळांचा मेंदूही शस्त्रक्रियेपूर्वीच सुमारे महिनाभर मागे असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले. गर्भातच मेंदूला पुरेसा प्राणवायू न मिळणे हे त्यामागील एक कारण मानले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. अशा मुलाला अक्षरे उशिरा उमगली किंवा वर्गात त्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही, तर त्याला आळशी वा खोडकर ठरविणे अन्यायाचे ठरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये नवजात वयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या विकासाची नियमित तपासणी करण्याची शिफारस केली. वाचा-उपचार, हालचालींचे व्यायाम आणि शाळेत थोडी अधिक वेळेची मुभा, असे साधे उपाय लवकर केल्यास फरक पडतो.

तारुण्यात निसटणारा धागा

विकसित देशांत आज जन्मजात हृदयदोष असलेल्या ८५ ते ९० टक्के मुले प्रौढ होतात. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या नोंदींनुसार २०१० मध्ये अशा एकूण व्यक्तींपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रौढ होत्या. म्हणजे ज्या आजाराला बालरोग समजले जाई, तो आता प्रामुख्याने प्रौढांचा झाला आहे. लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी या रुग्णांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाखा असावी, हा विचार रुजविला. कारण बालहृदयरोगतज्ज्ञांच्या कक्षेतून हे तरुण वयाने बाहेर पडतात आणि हृदयविकाराचा झटका, अडकलेल्या वाहिन्या यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना त्यांच्या हृदयाची बदललेली रचना नेहमीच परिचित असते असे नाही.

नेमक्या याच वयात पाठपुरावा तुटतो. त्रास नसतो, शिक्षण किंवा नोकरीसाठी गाव सुटते, कागदपत्रे आई-वडिलांच्या कपाटात राहतात. अनेकांना आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हेही सांगता येत नाही. ‘लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झाले होते’ एवढीच माहिती नव्या डॉक्टरांपुढे येते.

विवाह आणि मातृत्व हे पुढचे टप्पे आहेत. साध्या दोषावर वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक स्त्रियांचे गर्भारपण सुखरूप पार पडते. मात्र फुप्फुसांतील दाब फार वाढलेला असल्यास गर्भधारणा आईच्या जिवावर बेतू शकते. फॉन्टन पद्धतीची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा उजव्या कप्प्यावर शरीराचा भार असलेल्या स्त्रियांनाही जोखीम मोठी असते. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला गर्भ राहण्यापूर्वी घेणे आवश्यक ठरते. आई किंवा वडिलांना हृदयदोष असल्यास अपत्यात तो असण्याची शक्यता सर्वसाधारण एका टक्क्याऐवजी ढोबळमानाने ३ ते ५ टक्के धरली जाते. त्यासाठी गर्भावस्थेच्या १८ ते २२ आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करता येते.

भारतापुढील तीन अडथळे

वरील बहुतेक आकडे श्रीमंत देशांतील आहेत. भारतात चित्र वेगळे असण्याची कारणे शस्त्रक्रियेच्या कौशल्यात कमी आणि तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत अधिक आहेत.

पहिला अडथळा निदानातील उशिराचा. अनेक बाळे गंभीर अवस्थेत, कमी वजनाची आणि जंतुसंसर्गासह रुग्णालयात पोहोचतात. मोठे छिद्र वेळेत बंद झाले नाही, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात आणि एका टप्प्यानंतर शस्त्रक्रियाच अशक्य होते. बाळाच्या हाता-पायावर क्लिप लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारी पल्स ऑक्सिमीटरची तपासणी यावर स्वस्त उपाय आहे. जन्मानंतर २४ तासांनी प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांपेक्षा कमी आढळल्यास किंवा उजवा हात आणि पाय यांच्या आकड्यांत ३ टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास ती तपासणी पुन्हा करून पुढे इको केली जाते. अमेरिकेत ज्या राज्यांनी ही तपासणी सक्तीची केली, तेथे गंभीर हृदयदोषाने होणारे अर्भकमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दुसरा अडथळा खर्चाचा आणि अंतराचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. अंगणवाडी आणि शाळांमध्ये जाणारी फिरती पथके संशयित मुलांना जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवितात आणि पुढील उपचारांची सोय केली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ हा स्वतंत्र कार्यक्रम सुरू करून नोंदणीपासून शस्त्रक्रियेपर्यंतची साखळी बांधली. नवा रायपूर, पलवल आणि नवी मुंबईतील खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत मुलांवरील हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. मात्र योजनांचा भर प्रामुख्याने शस्त्रक्रियेच्या खर्चावर असतो. त्यानंतरची वीस वर्षांची औषधे, तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भार बहुतांशी कुटुंबालाच उचलावा लागतो.

तिसरा अडथळा सामाजिक आहे. नवी दिल्लीतील एम्सच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलग्यांवर, तर केवळ सुमारे ४४ टक्के मुलींवर शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. छातीवरील व्रणामुळे मुलीचे लग्न जमणार नाही, ही भीतीही पालकांच्या मनात असल्याचे त्यातून समोर आले. दोष हृदयाचा एकच असला, तरी आयुर्मान मुलगा की मुलगी यावर ठरावे, ही बाब वैद्यकशास्त्राच्या आवाक्याबाहेरची आहे.

पालकांनी आणि रुग्णांनी काय सांभाळावे?

तज्ज्ञांच्या सल्ल्याचे सार काही ठोस गोष्टींत सांगता येते. दोषाचे नेमके नाव, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि शेवटची इको यांची एक प्रत घरी व एक मोबाइलमध्ये ठेवावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या हृदयाविषयी सोप्या शब्दांत सांगायला सुरुवात करावी, म्हणजे अठराव्या वर्षी तो स्वतःची माहिती स्वतः देऊ शकेल. त्रास नसला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने तपासणी चुकवू नये.

दातांची निगा हा वरवर क्षुल्लक वाटणारा, पण कळीचा मुद्दा आहे. किडलेल्या दातांतून रक्तात शिरलेले जंतू कृत्रिम झडपेवर किंवा दुरुस्त केलेल्या जागी घर करू शकतात आणि हृदयाच्या आतील आवरणाला गंभीर संसर्ग होतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी; काही रुग्णांना त्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते. कारण न सापडलेला ताप अनेक दिवस राहिल्यास परस्पर प्रतिजैविके सुरू न करता आधी रक्ताची जंतुतपासणी करून घ्यावी. लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. डॉक्टरांनी मना केलेले नसल्यास मुलाला खेळू द्यावे. अतिकाळजीपोटी घरात बसविलेल्या मुलांमध्ये स्थूलता आणि न्यूनगंड वाढतो, असा अनुभव आहे. चक्कर येऊन पडणे, श्रमाने शुद्ध हरपणे किंवा अचानक सुरू झालेली धडधड मात्र कधीही दुर्लक्षू नये.

देशात दरवर्षी हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांची संख्या वाढत आहे. त्याचाच अर्थ असा, की पुढील दोन दशकांत दुरुस्त हृदय घेऊन जगणाऱ्या तरुणांची मोठी पिढी महाविद्यालयांत, कारखान्यांत, कार्यालयांत आणि प्रसूतिगृहांत दिसणार आहे. त्यांच्यासाठी प्रौढ जन्मजात हृदयरोगाची स्वतंत्र बाह्यरुग्ण केंद्रे, रुग्णांची कायमस्वरूपी नोंदवही आणि पाठपुराव्याचा खर्च उचलणारी योजना, या तीन बाबींची तयारी आजपासूनच करावी लागणार आहे. पहिल्या आठवड्यात वाचविलेला जीव चाळिसाव्या वर्षीही सुखरूप राहावा, यासाठी शस्त्रक्रियागृहाइतकीच या व्यवस्थेचीही गरज आहे.